खाली पडलेलं दान

तीन फाशांपैकी दोन टेबलावर थांबले आणि तिसरा काठावरून खाली गेला. सिमेंटच्या जमिनीवर टक् टक् उड्या मारत घर तापवणाऱ्या फर्नेसच्या दिशेने घरंगळला आणि माझ्या खुर्चीच्या मागच्या पायाशी येऊन थांबला. खेळाडूंचे पत्ते मांडून आणि फासे टाकून खेळायच्या बेसबॉलची शेवटची, नववी इनिंग. एक आउट, पहिल्या बेसवर माणूस, आम्ही एका रनने मागे, बॅटिंगला जॉश गिब्सन. मी वाकून बघितलं. तांबड्या फाशावर दोन ठिपके. पांढरा आणि दुसरा तांबडा वर टेबलावर होतेच. बेरीज करायला वेळ लागला नाही, आणि गिब्सनच्या पत्त्यावर त्या रकान्यात त्या बेरजेसमोर काय छापलंय ते मला पाठ होतं. होमरन. म्हणजे दोन रन, म्हणजे सातवा सामना, म्हणजे अख्खी स्पर्धाच. मान वर केली तर समोर बसलेले आजोबाही टेबलाखाली बघत होते. त्यांनाही दिसलं होतं. "जमिनीवरचं आपण धरत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तिन्ही परत टाक."

मी परत टाकले. पांढऱ्यावर पाच आले, म्हणजे निकाल पिचरच्या पत्त्यावर बघायचा. शॉर्टस्टॉपकडे सरपटता चेंडू, डबल प्ले. दोघंही आउट. आजोबांची १९२७ची न्यूयॉर्क यँकीज जिंकली, माझी, गिब्सनची होमस्टेड ग्रेज हरली. आजोबांनी स्कोअरशीटवर पेन्सिलीने नेहमीच्या टापटिपीने ६-४-३, म्हणजे चेंडू कुठून कुठे गेला ते, लिहिलं, आणि बराच वेळ पेन्सिल खाली ठेवली नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. अजून मनातून जात नाही.

पिट्सबर्गच्या हिवाळ्यात संध्याकाळ चार वाजताच खिडकीशी येऊन उभी राहते. नद्यांवरचं धुकं, रस्त्याकडेला मिठाने काळवंडलेला बर्फ, आणि एप्रिलपर्यंत कुठेही बेसबॉल नाही. शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये मात्र जानेवारीपासून सामने सुरू होतात. माझा मुलगा लहान असताना त्याने एकदा त्यांना 'आजोबा' अशी हाक मारली, त्यांनी अर्थ विचारला, आणि तेव्हापासून ते आमच्या घराचे आजोबाच झाले. आम्ही चौघं असतो: ते, त्यांचे पोस्टातून निवृत्त झालेले मित्र, माझा मुलगा आणि मी. आठ जुने संघ काढायचे, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने दोन घ्यायचे, सात-सात सामन्यांच्या मालिकांची बाद फेरी खेळायची. एका सामन्याला साधारण अर्धा तास. मी चकली घेऊन जाते, ते कॉफी करतात. कॉफीच्या वासात जुन्या पुठ्ठ्याचा वास मिसळलेला असतो, कारण पत्त्यांचे खोके फर्नेसशेजारच्या फळीवर वर्षानुवर्षं तापत आलेले आहेत. काही पत्त्यांच्या कडा हाताळून हाताळून कापडासारख्या मऊ झाल्या आहेत.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या मुलाने तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अकराव्या वर्षी मनात जुळवायला घेतला आणि १९६१मध्ये विकायला काढला. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता. त्यावर तीन रकाने, प्रत्येक रकान्यात दोन ते बारा असे आकडे, आणि आकड्यापुढे जे घडेल ते. पांढरा फासा एक, दोन किंवा तीन दाखवत असेल तर बॅटरचा पत्ता बघायचा, चार, पाच, सहा असेल तर पिचरचा. दोन तांबड्यांची बेरीज म्हणजे ओळ. पत्ते त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून बनवलेले असतात, म्हणून बेब रूथचा पत्ता हातात धरला की १९२७च्या साठ होमरन त्या एवढ्याशा पुठ्ठ्यावर गोळा होऊन बसल्यासारख्या वाटतात. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता, त्यांतल्या १०८ बॅटरच्या आणि १०८ पिचरच्या. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मला आईची जपमाळ आठवली. मी तसं म्हटलं, तर आजोबांनी फळीवरचा एक खरा बेसबॉल माझ्या हातात दिला आणि टाके मोजायला सांगितलं. लाल दोऱ्याचे दुहेरी टाके, १०८. मी बोटाने एकेक मोजत गेले, आणि त्या पांढऱ्या कातड्यावरून फिरणारं बोट मण्यांवरून फिरणाऱ्या आईच्या बोटासारखं मला दिसायला लागलं.

फासे म्हटलं की माझ्या आजीच्या कपाळाला आठी पडायची. धर्मराजाचं वाटोळं फाशांनी केलं, ती वस्तू घरात नको, हे तिचं ठाम मत. तरी जेजुरीला जाताना खंडोबाचं म्हाळसेशी सारीपाट खेळणं, त्यात हरणं आणि घर सोडून रानात जाणं ती रंगवून सांगायची. देवसुद्धा हरला, दान परत टाकतो म्हणाला नाही, हे ती प्रत्येक वेळी जोडायची. तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्ष नव्हतं.

आमच्या घरी फासे नव्हते, म्हणून मी आणि दादा बुक क्रिकेट खेळायचो. पान उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आलं की आउट. इतिहासाचं पुस्तक त्यासाठी सर्वांत चांगलं, जाड आणि सैल शिवणीचं. १९८६च्या एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियाँदादने छक्का मारला, आणि त्या मे महिन्यात तो एकच चेंडू आम्ही किती वेळा टाकला असेल याची गणती नाही. चार रन हव्यात, एक चेंडू, शेवटची जोडी. दादा पान उघडायचा. सहा आला की म्हणायचा, धरायचं नाही, वारा लागला. चार आला तरी वारा लागला. शून्य आलं की आम्ही दोघं गच्चीभर नाचायचो. वर पन्हाळी पत्रे तापून कडकडायचे, खाली आई ओरडायची. चेतन शर्मासाठी आम्ही एवढं करत होतो. हे कुणी खोटं ठरवू शकेल असं तेव्हा आमच्या मनातही आलं नाही.

त्या मे महिन्याची सवय माझ्या हातांत अजून आहे, हे मला फेब्रुवारीत त्या टेबलाखाली वाकल्यावर कळलं.

आजोबा हिल डिस्ट्रिक्टमध्ये जन्मले. कृष्णवर्णीयांची ती मोठी, गजबजलेली वस्ती. दुकानं, चर्च, जॅझचे क्लब, सगळं एका टेकडीवर. तिचा खालचा भाग १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या अरीनासाठी पाडला गेला, सुमारे आठ हजार माणसं हलवली गेली, त्यांत त्यांचं घरही होतं. त्याच टेकडीवर १९३२मध्ये गस ग्रीनली यांनी पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या आपल्या संघासाठी स्वतःचं मैदान बांधलं होतं. कृष्णवर्णीय मालकाने कृष्णवर्णीय संघासाठी बांधलेलं मैदान, तेही मंदीच्या काळात. सहा वर्षांत तेही पाडलं गेलं. गिब्सन तिथे खेळला, मग नदीकाठच्या पोलादाच्या गावाचं नाव लावणाऱ्या होमस्टेड ग्रेजमध्ये. आजोबांच्या वडिलांनी त्याला फोर्ब्स फील्डवर खेळताना पाहिलेलं. पायरेट्स हा शहराचा गोऱ्यांचा संघ गावाबाहेर असला की ग्रेजना ते मैदान भाड्याने मिळायचं. त्यांच्या वडिलांना गिब्सनची उंच उडालेली होमरन फारशी आठवत नव्हती म्हणे. आठवायचा तो आवाज. इतरांच्या बॅटचा आवाज लाकडाचा असायचा, त्याच्या बॅटचा दार आपटल्यासारखा. आजोबा हे सांगतात तेव्हा टेबलावर तळहात आपटून दाखवतात. फासे हलतात.

गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी गेला. पस्तीस वर्षांचा होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला आणि गोऱ्यांपुरत्या राखलेल्या मेजर लीगमधली रंगाची भिंत पडली. मध्ये तीन महिनेही नव्हते. गिब्सनच्या थडग्यावर १९७५पर्यंत नाव नव्हतं, आणि त्याच्या तीन वर्षं आधी त्याचं नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या दालनात, लागलेलं होतं. मी अॅलेघेनी सिमेट्रीत ती जागा बघून आले आहे. गवताच्या पातळीत बसवलेली लहानशी पाटी, जवळ जाईपर्यंत दिसतसुद्धा नाही. कुणीतरी तिच्यावर एक चेंडू ठेवला होता, पावसाने फुगलेला.

आता त्याच्या पत्त्याकडे येते. १९२७च्या यँकीजचे पत्ते बनवणं कष्टाचं असेल, अवघड नव्हतं. प्रत्येक सामन्याची नोंद आहे, कुणीतरी नीट हिशेब ठेवलेला आहे. निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या, खेळाडूंचे पत्ते २००९मध्ये आले, ते जुन्या वर्तमानपत्रांचे अंक उपसून, सामन्यांच्या फाटक्या तक्त्यांवरून आकडे वेचून. हॉल ऑफ फेमच्या पाटीवर गिब्सनच्या नावापुढे जवळजवळ ८०० होमरन लिहिलेल्या आहेत, आणि अधिकृत धरले गेलेले आकडे बघाल तर २००सुद्धा भरत नाहीत. कारण ते वर्षभर बसमधून गावोगाव फिरून खेळायचे. खेड्यातल्या संघाशी, गिरणीच्या संघाशी, दिवसाला दोन-दोन, कधी तीन सामने. लीगचे मोजायला मिळणारे सामने त्या मानाने थोडे. २०२०मध्ये मेजर लीगने निग्रो लीगला बरोबरीचा दर्जा दिला, २०२४मध्ये आकडे एकत्र केले, आणि कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत .३७२ने गिब्सन तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्या वर जाऊन बसला. त्या दिवशी आजोबांनी मला अंगणातून हाक मारून ते सांगितलं. खुश होते. मग म्हणाले, "कॉबने त्याला बॅटिंग करताना पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आकड्याला काय, आकडा काही बघत नाही."

मला त्या पत्त्याचं सारखं वाईट वाटतं. तो भरघोस आहे, आमच्या खोक्यातल्या भल्याभल्यांहून सरस आहे, तरी त्यात जे छापलेलं आहे ते नोंद झालेल्या गिब्सनचं. उरलेला गिब्सन ओहायो-पेनसिल्व्हेनियाच्या मक्याच्या शेतांत चेंडूंबरोबर गेला. म्हणून मला वाटतं, की पत्त्याने ज्याला कमी दिलं त्याला फाशाने जरा जास्त द्यावं. एक फासा टेबलाबाहेर जाऊन का होईना त्याच्या बाजूने बोलला, तर तो ऐकावा.

त्या रात्री घरी येऊन मी एक वेगळाच उद्योग केला. लहानपणी बाबांच्या तोंडून सतत ऐकलेलं नाव पालवणकर बाळू यांचं. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखणारा, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकणारा मुलगा, पुढे हिंदू संघाचा सर्वांत मोठा बॉलर. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातून त्यांच्या हातात यायचा. चहाच्या वेळी मात्र ते चर्मकार म्हणून पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी ११४ विकेट्स घेतल्या. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही, ते १९२३मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. योगायोग असा, की गिब्सनचा जन्मही १९११चा. मी वहीत तीन रकाने आखले आणि बाळूंचा पत्ता करायला बसले. विकेट्स लिहिता आल्या. मग चेंडू किती वळायचा, डावखुऱ्याला कसा पडायचा, थकल्यावर काय व्हायचं, नेटमधले ते हजारो चेंडू, जे कुणी मोजले नाहीत, ते कुठल्या ओळीत घालायचे? दोन ते बारा आकडे लिहून झाले, पुढे जागा कोरीच राहिली. रात्री दीडपर्यंत बसले होते. वही अजून टेबलाच्या खणात आहे.

या शहराला इतिहास परत खेळायची मोठी हौस आहे, आणि ती हौस मला फार आवडते. ओकलंड भागात फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा राखून ठेवलाय. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६०च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून ऐकतात, अशा बेताने, की बिल मॅझरॉस्कीची होमरन बरोबर तीन वाजून छत्तीस मिनिटांनी भिंतीपलीकडे जावी. मी आजोबांबरोबर एकदा गेले होते. त्या मालिकेत यँकीजने ५५ रन केल्या आणि पायरेट्सने २७, तरी पायरेट्स जिंकले. आठव्या इनिंगमध्ये एक साधा सरपटता चेंडू खड्याला लागून उसळला आणि यँकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला. डबल प्ले व्हायचा तो झाला नाही, आणि तिथून सामना फिरला. पासष्ट वर्षांच्या आसपासची माणसं, नातवंडं मांडीवर घेऊन, शेवट ठाऊक असलेला सामना श्वास रोखून ऐकत होती. यँकीजने नवव्यात बरोबरी केली तेव्हा माझ्या शेजारच्या बाई चक्क "अरे देवा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या. १९६०च्या त्या दिवशी आजोबा बारा वर्षांचे होते, शिक्षकांनी वर्गात रेडिओ लावला होता. ती होमरन भिंतीवरून गेली तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

परत येताना गाडीत मी त्यांना विचारलं होतं, आपण टेबलावर १९६०चे पायरेट्स इतक्या वेळा खेळवले, तो खडा कधी आला का? ते म्हणाले, क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात चुका निघतात, खडा नाही निघत. खडा एकदाच होता. मग स्वतःशीच म्हणाले, कुणी तो उचलून खिशात घातला असता तर आजच्या दिवसाला इथे कुणी आलं नसतं.

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. माझ्या मुलाने मात्र मला घरी विचारलं, की गिब्सनवर सगळ्यांत जास्त जीव आजोबांचा, मग त्यांनी का नाही धरू दिलं? मी काहीतरी बोलले. खरं म्हणजे मलाही तोच राग होता. ते यँकीज चालवत होते म्हणून राग नव्हता, चिठ्ठीत आलेला संघ होता तो. राग याचा, की एवढी एक उदारता त्यांच्या हातात होती. पुढे काही दिवसांनी बर्फ काढताना ते कुंपणाशी थांबले, फावड्यावर हात टेकले, आणि मी काही न विचारताच म्हणाले, "तू तो धरायला तयार होतीस, मला दिसलं. पण मग लोक म्हणाले असते, त्याची ती होमरन धरायची का, ते आधी बघू. जन्मभर हेच म्हणत होते त्याला." एवढं बोलून ते परत बर्फ ओढायला लागले. फावडं फरशीवर घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी तिथेच उभी होते. हाताला थंडी लागल्याचं उशिरा कळलं.

या जानेवारीत नवी स्पर्धा सुरू झाली. बेसमेंटमध्ये उतरले तर फर्नेसच्या वासात ताज्या लाकडाचा वास होता. आजोबांनी टेबलाच्या चारी कडांना दोन बोटं उंचीची पट्टी ठोकली आहे. घासून गुळगुळीत केलेली, कोपऱ्यांत नीट जुळवलेली, आतून हिरवं कापड चिकटवलेली. हात थरथरतो हल्ली त्यांचा, एक खिळा जरा तिरका गेला आहे. मी पट्टीवरून बोट फिरवलं. आता काही खाली पडणार नाही, ते म्हणाले. बरं केलंत, मी म्हटलं, आणि माझी नजर खुर्चीच्या मागच्या पायाशी, सिमेंटच्या त्या जागेवर गेली.

चिठ्ठ्या टाकल्या. ग्रेज या वर्षी त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी पत्ते एकेक करून मांडले, गिब्सनचा पत्ता चौथ्या जागी ठेवून त्याची वर आलेली कड अंगठ्याने दाबली. मग पहिल्या इनिंगमध्ये त्याची पाळी आली तेव्हा फासे माझ्यापुढे सरकवले. "तू टाक," म्हणाले. मी तिन्ही मुठीत घेतले, हलवले आणि सोडले. एक जोरात गेला, पट्टीवर आपटला आणि परत आत आला.